नाव कुणाचं, पैसा कुणाचा

सरकारी दवाखान्यातल्या फळवाटपाचा फोटो पाहिला नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडणं कठीण. कुणा नेत्याचा वाढदिवस असतो. खाटेवर पेशंट, त्याच्या हातात एक केळं आणि त्या एका केळ्याला धरलेले सात-आठ हात. हातांचे मालक कॅमेऱ्याकडे बघत असतात. फोटो दुसऱ्या दिवशी पेपरच्या आतल्या पानावर येतो, मग त्याचा फ्लेक्स होतो आणि आमच्या पिशोरसारख्या गावात तो भर पेठेत, उन्हाने रंग उडेपर्यंत टांगलेला राहतो.

या फोटोवर व्यंगचित्र काढणं सोपं आहे. पुष्कळांनी ते काढलंही आहे. मिरवणाऱ्या दात्याला हसणं आपल्याला चांगलं जमतं. माझं म्हणणं असं की तेवढ्याने काही साधत नाही. मिरवणं हे दानातलं किरकोळ पाप आहे. मोठं पाप चेहऱ्यावर दिसत नाही, ते खिशात असतं. ते केळं कुणाच्या पैशाने आलं? देणाऱ्याने त्याआधी कुणाकुणाचं काय अडवून ठेवलं होतं? दानावरच्या व्यंगचित्राने हा खिसा उलटा करून दाखवायला हवा. नुसता चेहरा काढून थांबणारं चित्र दात्याला चार दिवस लाजवतं, आणि पुढच्या वाढदिवसाला सगळं पुन्हा तसंच होतं.

नावाची हौस नवी नाही, आणि ती वाईटच असते असंही नाही. याचा पुरावा आमच्या कन्नड तालुक्यातच आहे. गौताळ्याच्या डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास ती कोरायला सुरुवात झाली. तिथल्या चैत्यगृहाच्या खांबांवर ब्राह्मी अक्षरांत दात्यांची नावं आहेत. त्यात पैठणचा मितदेव आहे, सुगंधी द्रव्यांचा धंदा करणाऱ्या गंधिक कुळातला. पैठणच्याच संघकाचे मुलगे आहेत. लेण्यातल्या दुसऱ्या लेखांत मगिल नावाच्या राजवैद्याचं आणि त्याच्या घरच्यांचं दान नोंदलेलं आहे. इथे सापडलेली यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ती कान्हदास नावाच्या सोनाराने घडवली, असं त्या मूर्तीवरच कोरलं आहे. खांब ज्याच्या पैशाने उभा राहिला त्याचं नाव खांबावर, मूर्ती ज्याच्या हाताने झाली त्याचं नाव मूर्तीवर. या लोकांनाही आपलं नाव टिकावं असं वाटलं आणि ते टिकलं. त्यांना कुणी ढोंगी म्हणणार नाही, कारण नाव आणि पैसा एकाच माणसाचे होते.

वेरुळला जाणाऱ्या प्रत्येकाला घृष्णेश्वराचं देऊळ माहीत असतं. अठराव्या शतकात होळकरांच्या घरातल्या स्त्रियांनी, गौतमाबाईंनी आणि पुढे अहिल्याबाईंनी, त्याचा जीर्णोद्धार केला. अहिल्याबाईंनी देशभर घाट, देवळं, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. त्या दानधर्माचा पैसा खासगीतून जात असे. खासगी म्हणजे होळकर राण्यांची स्वतःची, दौलतीच्या महसुलापासून वेगळी ठेवलेली मिळकत. राज्याचा पैसा आणि आपला पैसा यांच्यामधली रेघ त्या बाईने पाळलेली होती. तिच्या पुण्याईच्या गोष्टी आपण लेकरांना सांगतो. ही हिशोबाची गोष्ट सांगत नाही. मला ती पुण्याईहून मोठी वाटते.

आता गावातला एखादा बाक बघा, किंवा बसथांबा. सिमेंटच्या बाकाच्या पाठीवर लोकप्रतिनिधीचं नाव ठसठशीत अक्षरांत आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'यांच्या स्थानिक विकास निधीतून'. खासदारांच्या निधीची योजना डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाली आणि २०११-१२ पासून ती रक्कम दरसाल ५ कोटी रुपये आहे. आमदारांचाही असाच निधी असतो. लोकप्रतिनिधी काम सुचवतो, जिल्हा प्रशासन मंजुरी देतं, पैसा सरकारी तिजोरीतून थेट कामावर जातो. त्या माणसाच्या खिशात तो कधी येतही नाही. फलक लावायची सोय नियमातच आहे, म्हणजे यात बेकायदा काही नाही. पण बाकावर टेकलेल्या म्हातारीला विचारलं तर ती सांगते, "साहेबांनी दिला." तो तिने स्वतःच दिलेला आहे. मसाल्यापासून चपलेपर्यंत ती जे विकत घेते, त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर ती कर भरते. आपल्याच पैशाच्या बाकावर बसून ती दुसऱ्याचे उपकार मानते आहे. आठ हातांच्या केळ्यापेक्षा हे चित्र मला जास्त अस्वस्थ करतं. ते अजून कुणी नीट काढलेलं नाही.

जोतीराव फुल्यांना हे दिसलं होतं. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सरकारला हाच हिशोब मांडून दाखवला: महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. पेशव्यांच्या काळात श्रावणात पुण्याच्या रमण्यात वाटली जाणारी दक्षिणाही राज्याच्याच पैशातून जायची. राज्याचा पैसा म्हणजे शेतसारा. पेशव्यांचं औदार्य गाजलं, सारा भरणाऱ्याचं नाव कुठे नोंदलं गेलं नाही. त्या वेळी आमचं पिशोर निजामाच्या राज्यात होतं. तिथला हिशोब काही वेगळा नव्हता.

पैशाचा हा रस्ता चित्रात कसा पकडायचा, हे फ्रान्समधल्या ऑनोरे दोमिएने दाखवून ठेवलं आहे. १८३१ मध्ये त्याने राजा लुई फिलिपचं एक शिळाछाप चित्र काढलं. अवाढव्य पोटाचा राजा खुर्चीत बसलेला आहे. त्याच्या तोंडापासून जमिनीपर्यंत एक फळी टेकवलेली. फळीच्या पायथ्याशी फाटक्या कपड्यांतली माणसं टोपल्यांत नाणी टाकताहेत, हमाल त्या टोपल्या फळीवरून वर चढवून राजाच्या तोंडात रित्या करताहेत आणि खुर्चीखालून मानपत्रं, नेमणुका, पदव्या बाहेर पडताहेत. त्या उचलायला दरबारी वाकलेले. राजाच्या नाकाडोळ्यांची टिंगल या चित्रात आहेच, पण चित्राचा जीव त्या फळीत आहे. पैसा कुठून निघाला, कुणाच्या पाठीवरून गेला, कुठे पोचला आणि त्याचं काय झालं, हे अक्षरओळख नसलेल्यालाही एका नजरेत कळतं. दोमिएला या चित्राबद्दल सहा महिन्यांची कैद झाली. सरकारला नाकाचा राग आला असता तर दंडावर भागलं असतं. राग फळीचा होता, असं मला वाटतं.

पुढे सप्टेंबर १८३५ मध्ये फ्रान्समध्ये कायदा आला आणि चित्र छापण्याआधी सरकारी परवानगी लागू लागली. राजाला हात लावायची सोय उरली नाही. तेव्हा दोमिए आणि त्याचा संपादक शार्ल फिलिपाँ यांनी नाटकातलं एक पात्र उचललं. रोबेर माकेर नावाचा भामटा आणि त्याचा हाडकुळा साथीदार बेर्त्राँ. १८३६ ते १८३८ या काळात या जोडीची शंभराच्या आसपास चित्रं निघाली. माकेर कधी बँकवाला असतो, कधी वकील, कधी डॉक्टर, कधी पत्रकार, आणि कधी परोपकारी समाजसेवकसुद्धा. धंदे बदलतात, भामटेगिरी तीच राहते. मालिकेच्या पहिल्याच चित्रात तो प्रचंड भांडवलाची बँक काढायचा बेत सांगतो. बेर्त्राँ पोलिसांची भीती बोलून दाखवतो, तर माकेर त्यालाच वेड्यात काढतो: कोट्यधीशाला कुठे अटक होते का? परोपकार हा माकेरच्या अनेक धंद्यांपैकी एक धंदा आहे, ही या मालिकेतली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट. दोमिएने दानाला धंद्यापासून तोडून, वेगळ्या देव्हाऱ्यात ठेवलं नाही. बँकेतला माकेर आणि दानातला माकेर एकच, हे बघणाऱ्याला आपोआप कळत गेलं.

ही चित्रं पॅरिसमधल्या ओबेर यांच्या दुकानाच्या काचेत लावलेली असत. विकत घेण्याची ऐपत नसलेले लोक काचेपुढे गर्दी करून ती बघत आणि एकमेकांना अर्थ समजावून सांगत. म्हणजे ती चव्हाट्यावर होती. आपलं घोडं इथे अडलं. शिळाछापाचं तंत्र आपल्याकडेही आलं होतं. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सोबत्यांनी पुण्यात चित्रशाळा काढली. देवादिकांची आणि इतिहासातल्या वीरांची रंगीत चित्रं तिथून घरोघर गेली. नंतर रविवर्म्याच्या छापखान्याने लक्ष्मी-सरस्वती भिंतीवर आणल्या. हे काम मोठंच होतं, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण भिंतीवर लागणारं आपलं छापील चित्र कायम हात जोडायला लावणारं राहिलं. प्रश्न विचारायला लावणारं चित्र मासिकाच्या पानात, वाचता येणाऱ्यांच्या घरात बंद झालं. आज गावाची भिंत फ्लेक्सच्या ताब्यात आहे, आणि फ्लेक्सही हात जोडायलाच सांगतो.

मासिकाच्या पानात मात्र खरोखर चांगलं काम झालं. १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू करणारे शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते. रूढी, बुवाबाजी, सोवळ्याओवळ्याचं ढोंग यांवर त्यांनी काढलेली व्यंगचित्रं 'टाकांच्या फेकी' या नावाने संग्रहरूपात आली. त्याच सुमारास, १९१७ मध्ये, कलकत्त्यात गगनेंद्रनाथ टागोरांनी शिळाछापाची सोय करून आपल्या व्यंगचित्रांचे संच छापले. धर्माच्या आडोशाने चाललेलं ढोंग त्यांनी निर्दयपणे उघडं केलं. दोघेही सुखवस्तू घरातले आणि दोघांनीही आपल्याच वर्गाला झोडपलं. तशी हिंमत आज कुणाकडे आहे, असा प्रश्न मला पडतो.

हिंमतीबरोबर खरेपणाही लागतो. ठाण्याहून निघणाऱ्या 'हिंदू पंच'ने गोपाळ कृष्ण गोखल्यांवर बेछूट आरोप केले. गोखल्यांनी १९०९ मध्ये बदनामीचा खटला भरला, ते जिंकले आणि पत्राला ते चांगलंच महागात पडलं. गोखले म्हणजे सार्वजनिक पैशाच्या पैन् पैचा हिशोब ठेवणारा माणूस. अशा माणसावर चिखल फेकणारं विनोदी पत्र बुडालं याचं मला वाईट वाटत नाही. हिशोब मागणाऱ्याचा स्वतःचा हिशोब आधी चोख हवा.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांची तयारी करून घेतो, म्हणजे स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. एकदा वर्गाला मी फळवाटपाचा फोटो आठवणीने काढायला सांगितला. बहुतेकांनी फेट्यातली माणसं आणि केळं काढलं. आठवीतल्या एका मुलीने दात्यांचे चेहरे मन लावून रंगवले आणि खाटेवरच्या माणसाचं डोकं चादरीच्या रेषेपाशीच सोडून दिलं. राहिलं का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "नाही सर, त्याचं तोंड फोटोत येतच नसतंय." त्यानंतर मी पेपरातले असे फोटो मुद्दाम बघायला लागलो. पेशंटचा चेहरा कुणाच्या तरी कोपराखाली, कडेला कापलेला किंवा नुसता पाठमोरा असतो. ज्याच्यासाठी कार्यक्रम, तोच फोटोबाहेर. त्या मुलीने मला सांगितलं ते कुठल्याही पुस्तकात मी वाचलं नव्हतं.

याच दवाखान्याच्या निमित्ताने हक्काचं काय होतं, ते सांगितलं पाहिजे. आमच्याकडून जड आजाराचा पेशंट छत्रपती संभाजीनगरला घाटीत, म्हणजे तिथल्या सरकारी रुग्णालयात, जातो. शहरात धर्मादाय नोंदणीची खासगी रुग्णालयंही आहेत. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्यातलं कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना यांप्रमाणे अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दराने द्यायच्या असतात. त्यासाठी एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत ठेवायची असते. धर्मादाय म्हणून नोंद झाल्यावर कराच्या आणि इतर सवलती मिळतात; या खाटा हा त्यांचा मोबदला आहे. तो रुग्णालयाचा उपकार नाही, फेडायचं देणं आहे. पण खेड्यातून आलेल्या नातेवाइकाला हे काउंटरवर कुणी सांगत नाही. रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला दाखवून हक्काने मागता येतं, हे त्याला माहीत नसतं. तो शेत गहाण टाकून अनामत भरतो. पुढे एखाद्या रुग्णालयाचं मोफत तपासणी शिबिर गावात येतं, मांडव पडतो, सत्कार होतात आणि तोच माणूस टाळ्या वाजवतो. शिबिराला माझा विरोध नाही, त्यात खरंच मोतीबिंदू सापडतात. देणं बुडवून वर दान करायचं, याला माझा विरोध आहे.

हक्क मिळाला की दानाची गरज किती कमी होते, हेही मराठवाड्याने पाहिलं आहे. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडली, पाझर तलाव खणले, सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढले. त्या अनुभवातून आणि वि. स. पागे यांच्या चिकाटीतून रोजगार हमी योजना वाढली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. काम मागणं हा माणसाचा हक्क ठरला. गावातली जुनी माणसं त्या दिवसांबद्दल बोलताना कुणाचे उपकार सांगत नाहीत, आपण किती खडी फोडली ते सांगतात. त्यांच्या आवाजातला तो ताठपणा फुकट धान्याच्या किटसाठी रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाच्या आवाजात ऐकू येत नाही. २०२० च्या टाळेबंदीत राजस्थान सरकारने धान्यवाटप करताना फोटो काढायला बंदी घातली होती. ते योग्यच होतं, पण कॅमेरा काढून घेतल्याने फक्त लाज वाचते.

आता माझ्या सगळ्यात जवळची गोष्ट. आमच्याकडे कापूस, मका आणि अद्रक पिकते. माल विकताना काट्यावर क्विंटलमागे कडता, म्हणजे वजनातली घट, कापला जातो. कधी ओल आहे म्हणून, कधी माती आहे म्हणून, कधी काहीच न सांगता. हमाली, तोलाई वेगळी. नियमात न बसणारा कडता शेतकऱ्याला कळतो, पण मालाने भरलेली गाडी परत न्यायची कशी? मग हरिनाम सप्ता येतो. काल्याच्या दिवशी अन्नदात्यांची नावं लाउडस्पीकरवर पुकारली जातात आणि ज्यांच्या मालातून कडता गेला तेच पंगतीला बसून आशीर्वाद देतात. सगळे व्यापारी असे नसतात. चोख मापाचे, शब्दाचे पक्के व्यापारी मी पाहिलेत. जे तसे नाहीत त्यांना समाज दानाच्या बदल्यात माफ करून टाकतो, हे मला खुपतं. पंगतीत वाढलेल्या बुंदीचा रस्ता मागे मागे काढत गेलं तर तो काट्यापाशी पोचतो. दोमिएची फळी इथे टेकवायला हवी.

यावर कुणी म्हणेल, दात्याला हसलात तर दान आटेल आणि शाळेला वह्या कोण देईल? मला ही भीती खरी वाटत नाही. फाल्गुनात नाथषष्ठीला पैठणच्या वाटेने दिंड्या निघतात, तेव्हा वाटेवरच्या गावांत घरोघरी पिठलं-भाकरी होते. त्या चुलींवर बोर्ड नसतो. गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः उघड्यावर झोपले. खऱ्या देणाऱ्याला चित्राचं भय नाही. पितळखोऱ्यातला मितदेव आज असता तर त्याने आपलं नाव खुशाल लावावं, त्याच्यावर कुणी चित्र काढणार नाही.

दुसरी अडचण जास्त खरी आहे. गावात चित्र काढणारा आणि ज्याच्यावर काढायचं तो एकाच गल्लीत राहतात. कायदाही आहे, बदनामीचं कलम भारतीय न्याय संहितेतही आलंय, ३५६ क्रमांकाचं. सप्टेंबर २०१२ मध्ये भ्रष्टाचारावर चित्रं काढणाऱ्या असीम त्रिवेदींना मुंबईत थेट राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली होती. म्हणून माकेरची वाट मला शहाणपणाची वाटते. माणूस काढू नये, नमुना काढावा. ही रीत आपल्याला पॅरिसहून आणायची गरज नाही. पैठणच्या एकनाथांची भारुडं अशा नमुन्यांवरच उभी आहेत. त्यांतली सोंगं गावोगावी उभी राहिली आणि प्रत्येकाला आपल्या गावातलं कुणी ना कुणी त्यात दिसलं, पण नाव कुणाचंच नव्हतं. भारुडाला चारशे वर्षांत ठेच लागली नाही. छापील चित्राने तेच सोंग घ्यावं.

मी मनात धरलेलं पान साधं आहे. काळ्या शाईत, झेरॉक्सवर निघेल असं, पेठेत आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीजवळ लावता येईल एवढं. मोबाईलवर फिरलं तर फिरो, पण भिंतीवर हवंच, कारण मोबाईलवर माणूस एकटा बघतो आणि भिंतीपुढे चारजण एकत्र उभे राहतात. चित्रात दाता नमुन्याचा, रांगेतला गरीब मात्र कधीही हास्यास्पद नाही; त्याला चेहरा द्यायचा, पूर्ण. खाली आकडे: बाकाचा खर्च किती, निधी कुठला, मंजुरी कधीची. ग्रामपंचायतीच्या दप्तरात आणि माहितीच्या अधिकाराच्या अर्जात हे मिळतं. विश्वस्त संस्थांचे हिशोब धर्मादाय कार्यालयात असतात. एकही आकडा ऐकीव नको. कोपऱ्यात काढणाऱ्याची सही हवी आणि ती मोठ्या माणसाची, मुलांची नाही. पहिली काही चित्रं मीच काढणार आहे.

पहिला विषय बाकाचा घ्यायचा की काट्याचा, हे अजून ठरलेलं नाही. काटा जास्त दुखरा आहे, पण त्याचे कागद मिळवणं कठीण. बाकाचे कागद २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी हाती येऊ शकतात. चित्राचं काम मी बघतो. अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका वाचता येणारं कुणी गावात असेल, निवृत्त ग्रामसेवक, ओव्हरसीअर, बँकेतलं कुणी, त्यांनी संध्याकाळी शाळेत यावं.